शेवटी एकदम मोठी रक्कम मागणारं कर्ज पगारदाराला विकावं का?

परळकर
हप्ता कमी, पण मुदत संपताना एकदम मोठी रक्कम भरायची, अशा कर्जांबद्दल बोलायचं आहे. गाडीच्या कर्जात याला ‘बलून’ म्हणतात, सोनेतारणात ‘बुलेट’. बलूनमध्ये दरमहा हप्ता चालू असतो, पण मुद्दलाचा मोठा तुकडा शेवटासाठी राखून ठेवलेला असतो. बुलेटमध्ये मधे काहीच भरायचं नसतं, मुद्दल आणि व्याज एकाच दिवशी द्यायचं.

माझं मत आधीच सांगतो. ज्याचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात जमा होतो त्याला असं कर्ज विकू नये. आमच्या भागात चाळी पडून टॉवर उभे राहिले, पार्किंग मिळालं आणि पंचवीस-तीस वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदाच गाड्या घेतल्या. त्यांच्याशी बोलताना लक्षात येतं की हप्ता सगळ्यांना पाठ आहे, शेवटची रक्कम मात्र कागद काढून बघावी लागते.

हिशेब मांडतो. 10 लाखांचं कर्ज, 5 वर्षं, व्याज 9.5 टक्के. साध्या पद्धतीने हप्ता सुमारे 21,000 येतो आणि पाच वर्षांत व्याज जातं 2 लाख 60 हजार. आता 3 लाख शेवटाला ठेवा. हप्ता होतो साधारण 17,075. ऐकायला फार बरं वाटतं. पण त्या 3 लाखांवर साठ महिने दरमहा 2,375 रुपये निव्वळ व्याज जात असतं आणि त्यातलं मुद्दल एक रुपयानेही उतरत नाही. एकूण व्याज 3 लाख 24 हजारांच्या पुढे जातं, म्हणजे सुमारे 64 हजार जास्त.

“वाचलेले पैसे मी बाजूला टाकीन,” असं प्रत्येक जण म्हणतो. ठीक, टाकले असं धरू. दरमहा वाचलेले 3,926 रुपये साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत एकही महिना न चुकता भरले तर पाच वर्षांनी 2 लाख 77 हजारांच्या आसपास जमतात. 3 लाखांना तरीही 22-23 हजार कमीच पडतात. ठेवीवर कर्जाइतकं व्याज मिळत नाही, त्यामुळे सगळ्यात शिस्तीचा माणूससुद्धा इथे तोट्यात जातो. बाकीच्यांचं काय होत असेल?

वेसावकर नाखवा
परळकर, तुमचा हिशेब पगारदाराचा आहे आणि पगारदारापुरता तो बरोबर असेल. पण दरमहा सारखा हप्ता ही पद्धतच मुळात पगारदारांसाठी बेतलेली आहे आणि तीच आम्हा सगळ्यांच्या गळ्यात बांधलेली आहे, हे कोणी बोलत नाही.

1 जून ते 31 जुलै आमची यांत्रिक मासेमारी बंद. सरकारचाच नियम आहे आणि तो हवाच, मासळीच्या विणीचा काळ असतो. पण या दोन महिन्यांत बोट किनाऱ्यावर ओढलेली असते. डागडुजी, रंग, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांना पुढच्या हंगामाची उचल, सगळा खर्च याच दोन महिन्यांत आणि कमाई शून्य. बँकेचा हप्ता जूनलाही पाच तारखेला आणि जुलैलाही पाच तारखेला. तो चुकला की दंड, वर क्रेडिट स्कोअर पडतो. मग पुढच्या वेळी इंजिनासाठी कर्ज मागायला गेलं की सांगतात, तुमचं रेकॉर्ड चांगलं नाही.

आमच्याकडे बायका बाजारात बसून घर चालवतात, सोनं त्यांच्या अंगावर असतं. जूनमध्ये ते गहाण जातं आणि हंगाम लागला की सोडवून आणतात. मधे हप्ता नाही म्हणूनच हे जमतं. मोठ्या शेवटच्या रकमेवर सरसकट बंदी आली तर कोळीवाड्यांना पुन्हा सावकाराच्या दारात उभं राहावं लागेल.

मुलुंडचा हिशेबनीस
मी धागाकर्त्याशी असहमत आहे आणि तेही पगारदाराच्याच बाजूने.

पहिली गोष्ट, 3,926 रुपये ठेवीतच जातील हे गृहीतक का? बऱ्याच तरुणांच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी असते, आणि कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज लांबवून बेचाळीस टक्क्यांचं आधी फेडलं तर त्यात शुद्ध फायदा आहे.

दुसरी गोष्ट, पगार वाढतो. सव्विसाव्या वर्षी 21,000चा हप्ता जड जातो, एकतिसाव्या वर्षी तोच माणूस 3 लाख बोनसमधून भरू शकतो. आजचे 3 लाख आणि पाच वर्षांनंतरचे 3 लाख सारखे नसतात, महागाईने त्यांची किंमत उतरलेली असते.

तिसरी, पाच वर्षांनी गाडी विकूनही रक्कम भागते. 12-13 लाखांच्या नीट राखलेल्या गाडीचे 3 लाख सहज येतील.

कर्ज वाईट नसतं. न समजता घेतलेलं कर्ज वाईट. उपाय माहिती देणं हा आहे. “विकू नये” म्हणणं म्हणजे सज्ञान माणसाचा निर्णय आपण घेणं.

परळकर
हिशेबनीस, तुमच्या तिन्ही मुद्द्यांना क्रमाने उत्तर देतो.

कार्डाची थकबाकी डोक्यावर असलेल्या माणसाने नवी गाडी घ्यावी का, हा प्रश्न तुम्ही ओलांडून गेलात. त्याला कमी हप्त्याची सोय दिसते म्हणूनच तो शोरूममध्ये शिरतो. 21,000 ऐकला असता तर कदाचित जुनी गाडी घेतली असती किंवा लोकलचा पास चालू ठेवला असता. कमी हप्ता त्याची अडचण सोडवत नाही, त्याला ऐपतीपेक्षा मोठी गाडी घ्यायला लावतो. माझा खरा राग यावर आहे.

पगारवाढ आणि बोनस होतात तसे होतही नाहीत. पाचव्या वर्षाच्या त्या एका महिन्यात तुमची नोकरी शाबूत असेलच, घरात आजारपण नसेलच, याची हमी कोण देतं? साध्या हप्त्यात एखादा वाईट महिना आला तर एका हप्त्याचा प्रश्न असतो. इथे तीन लाखांचा.

गाडी विकण्याबद्दल. कर्ज पूर्ण फिटेपर्यंत नोंदणी पुस्तकावर वित्त कंपनीचा बोजा असतो. तो उतरवायला त्यांचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो, आणि पत्र शेवटची रक्कम भरल्यावरच मिळतं. म्हणजे तीन लाख आधी उभे करा, मग विका, नाहीतर बोजासकट घेणारा दलाल शोधा. तो भाव पाडूनच मागतो. काही योजनांत ठरलेल्या किमतीला गाडी परत घेण्याचं आश्वासन असतं, पण त्यात किलोमीटरची मर्यादा आणि गाडीच्या अवस्थेच्या अटी असतात.

तिसरा रस्ता म्हणजे त्या तीन लाखांवर नवं कर्ज. जुन्या गाडीवरचा दर नव्यापेक्षा चढा असतो. 13 टक्के आणि 3 वर्षं धरली तर 10,100च्या आसपास हप्ता आणि वर 64 हजार व्याज. पाच वर्षांची गाडी आठ वर्षं फेडायची.

दादरची बँकवाली
मी एका सहकारी बँकेच्या शाखेत सोनेतारणाचं काम बघते. कागदावरचे हिशेब इथे मांडून झाले, मी माणसांचं सांगते.

एकरकमी, म्हणजे बुलेट, कर्जाचा शेवटचा दिवस आला की पूर्ण रक्कम घेऊन येणारे थोडे. बहुतेक जण व्याज घेऊन येतात आणि म्हणतात, “मॅडम, पुढच्या वर्षाला टाका.” पुढच्या वर्षीही तेच. एक मंगळसूत्र आमच्या तिजोरीत वर्षानुवर्षं राहतं. त्याच्या मालकिणीने मुद्दलाला हात न लावता व्याजच इतकं भरलेलं असतं की ऐकून वाईट वाटतं. काहींकडे तर व्याजाचेही पैसे नसतात. पूर्वी काही ठिकाणी व्याज मुद्दलात मिळवून नवं कर्ज दाखवायची वाईट सवय होती, त्यातून वरून सगळं सुरळीत दिसायचं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2024 मध्ये सोनेतारणातल्या अशा गैरप्रकारांवर कडक परिपत्रक काढलं.

मग जून 2025 मध्ये सगळ्यांसाठी एकच नियमावली आली. ती 1 एप्रिल 2026 च्या आत लागू करायची होती. घरखर्चासाठी घेतलेल्या एकरकमी कर्जाला 12 महिन्यांची कमाल मुदत. नूतनीकरण हवं असेल तर साचलेलं व्याज आधी भरायचं. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80, त्यावर 75. आणि ज्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं आहे ती गोष्ट म्हणजे एकरकमी कर्जात ही टक्केवारी हातात मिळालेल्या रकमेवर मोजायची नाही, मुदतीअखेर जी एकूण रक्कम द्यायची तिच्यावर मोजायची. म्हणजे 1 लाखाच्या सोन्यावर अखेरची रक्कम 85,000 च्या वर जाता कामा नये. व्याज 12 टक्के धरलं तर आज हातात जास्तीत जास्त 76 हजारांच्या आतच मिळतील.

गिऱ्हाइकं भांडतात, “पूर्वी जास्त द्यायचे.” मी प्रत्येकाला समजावते की ही काटछाट तुमच्याच दागिन्यासाठी आहे. शेवटचा आकडा पहिल्याच दिवशी मोजला जातो, एवढं तरी झालं. गाडीच्या बलूनला असा काही नियम मला ठाऊक नाही आणि तो यावा असं मला मनापासून वाटतं.

नाखवादादा, एक विनंती. मधे भरायची सक्ती नसली तरी हंगाम लागल्यावर जमेल तसं व्याज भरत जा. आम्ही ते घेतो, पावती देतो. वर्षाअखेरचा भार खूप हलका होतो.

लालबागचा कारखानदार
आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. या चर्चेत आमची बाजू यायला हवी.

माघी गणपती झाले की कच्चा माल भरायचा असतो. शाडू, काथ्या, रंग, मंडपाचं भाडं, कारागिरांची मजुरी. मंडळं आगाऊ रक्कम देतात, पण ती थोडी. खरा पैसा येतो मूर्ती उचलताना, चतुर्थीच्या आधीच्या दहा-पंधरा दिवसांत. वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यात. अशा माणसाला फेब्रुवारीपासून दरमहा हप्ता भरायला सांगितलं तर तो कर्जाच्याच पैशांतून कर्जाचा हप्ता भरणार. त्याला काय अर्थ आहे? एका रकमेची परतफेड आमच्या धंद्यासाठीच जन्मली आहे.

पण परळकर म्हणतात तो धोका आम्ही भोगलाय. 2020 साली सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. साथ होती, मर्यादा योग्यच होती. पण मोठ्या मूर्तींचा माल आधीच घेऊन ठेवलेला. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली, त्यात एकरकमी परतफेडीचाही समावेश होता, पण ती संपली 31 ऑगस्टला. चतुर्थी होती 22 ऑगस्टला. म्हणजे मूर्ती गेल्या, पैसा आला नाही आणि सवलतही संपली. व्याज तर सवलतीच्या काळातही चढतच होतं. घरातल्या बायकांचे दागिने सोडवायला पुढची दोन वर्षं गेली.

तरीही मी एकरकमीच कर्ज घेतो. दुसरं कुठलं कर्ज माझ्या धंद्याला बसत नाही.

गोरेगावची वाचक
परळकरांच्या बाजूने एक जुना दाखला. अमेरिकेत 1930 च्या आधी घरांची बरीचशी कर्जं अशीच होती. मुदत तीन ते पाच वर्षं, तोवर मुख्यतः व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल. बहुतेक जण मुद्दल भरत नसत, मुदत संपली की नवं कर्ज करून मिळे. सगळी व्यवस्था त्या “करून मिळेल” वर उभी होती. मंदी आली, बँकांनी नूतनीकरण नाकारलं, आणि वर्षानुवर्षं नियमित व्याज भरणाऱ्यांचीही घरं गेली. मग 1933 मध्ये सरकारने संस्था काढून अडचणीतली सुमारे दहा लाख कर्जं स्वतःकडे घेतली. 1934 पासून लांब मुदतीची, दर हप्त्यात थोडं मुद्दल फेडणारी कर्जं सरकारी विम्याच्या आधाराने रुळली. आपण ज्याला साधा ईएमआय म्हणतो त्या पद्धतीचा मोठा प्रसार या संकटातून झाला. 2008 च्या पडझडीनंतर तिथे जे नियम आले, त्यांतही प्रमाणित गृहकर्जात शेवटची मोठी रक्कम सहसा ठेवता येत नाही, ग्रामीण भागातल्या छोट्या बँकांसारखे अपवाद सोडून.

त्या लोकांनी हप्ता चुकवला नव्हता. ठरल्याप्रमाणे वागूनही घर जाऊ शकतं, हे या कर्जाचं मला सगळ्यात भयंकर वाटतं.

मुलुंडचा हिशेबनीस
दाखला चांगला आहे, पण घर आणि गाडी यांत फरक करा. घर गेलं तर कुटुंब रस्त्यावर येतं, गाडी गेली तर बसने जाता येतं. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जाबरोबर मुख्य माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळी शुल्कं धरून वार्षिक दर आणि परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक असतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. शेवटची रक्कम त्या वेळापत्रकात छापलेली असते. यापुढेही कोणी वाचत नसेल तर नियामकाने काय करावं?

परळकर
साठाव्या ओळीत छापलेली असते. मी ती पहिल्या ओळीत मागतो आहे. शोरूमच्या फलकावर ‘हप्ता फक्त 17,075’ ज्या आकाराच्या अक्षरांत असतं, त्याच आकारात ‘शेवटी 3,00,000’ लिहा. आणि पगारदाराला हे कर्ज देताना साध्या हप्त्याने त्याची ऐपत मोजा. 21,000 झेपत असतील तरच 17,075 चा पर्याय द्या. ज्याला खरोखर बोनसचा भरवसा आहे त्याची सोय यातही होते, आणि ज्याला झेपत नाही तो आत ओढला जात नाही.

नाखवा आणि कारखानदार, तुमच्या कर्जावर बंदी यावी असं मी कुठेच म्हटलं नाही. मात्र नाखवा, तुमच्याबद्दल एक विचारतो. तुमची कमाई ऑगस्ट ते मे अशी दहा महिने चालते. मग तुम्हाला वर्षाअखेरची एक रक्कम कशाला हवी? दहा महिन्यांचे दहा हप्ते आणि जून-जुलै कोरे, हे जास्त सोयीचं नाही का? कारखानदारांचं उत्पन्न एकदम येतं, तुमचं तसं नाही.

वेसावकर नाखवा
हो, दहा हप्तेच हवेत. किती वर्षं मागतोय. पण काउंटरवर ते मिळत नाही. साहेब म्हणतात, सिस्टिममध्ये बारा हप्तेच बसतात. एक तर दरमहा भरा, नाहीतर सोनं ठेवून वर्षाने एकदम भरा. मधला मार्ग नाही, म्हणून आम्ही एकरकमीला चिकटून आहोत.

आणि भीतीही सांगतो. बंदी मागत नाही म्हणालात, बरं वाटलं. पण कागद वाढले, तपासण्या वाढल्या की बँक पहिल्यांदा आम्हालाच नको म्हणते. पगाराची स्लिप असणाऱ्याला कोणीतरी देतंच. नियम मागताना हे लक्षात ठेवा.

दादरची बँकवाली
दादांचं खरं आहे. शेतीच्या कर्जात पिकाच्या हंगामाप्रमाणे परतफेडीची तारीख ठरते, ते सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. मासेमारी आणि मूर्तिकामाला ती मुभा शाखेच्या पातळीवर मिळत नाही, यात बँकांचा आळस आहे. आमच्यासारख्या नागरी सहकारी बँकांना एकरकमी सोनेतारणाची मर्यादा 2023 मध्ये 2 लाखांवरून 4 लाख झाली, तीही शेती, छोटे उद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला कर्ज देण्याची उद्दिष्टं पूर्ण करणाऱ्यांना. म्हणजे वरून दारं उघडतात. हंगामी हप्त्यांचं दार मात्र कोणी उघडत नाही.

भांडुपचा नवखा
मोठ्यांची चर्चा वाचली. माझ्या भावाने बलूनवर गाडी घेतली आहे. शेवटचे 2 लाख 80 हजार येत्या मार्चमध्ये भरायचे आहेत. जवळ लाखभर आहेत. आत्तापासून काय करावं?

मुलुंडचा हिशेबनीस
मार्चची वाट पाहू नका. आजच वित्त कंपनीला लेखी विचारा, शेवटच्या रकमेपैकी काही आधी भरता येते का आणि त्यावर शुल्क किती. गाडीचं कर्ज सहसा स्थिर दराचं असतं, त्यामुळे मुदतीआधी भरण्यावर शुल्क लागू शकतं, ते करारात बघा. शुल्क कमी असेल तर लाखभर आत्ताच भरा, त्यावरचं व्याज थांबेल. उरलेल्यासाठी घरात कोणाची मुदत ठेव असेल तर तिच्यावरचं कर्ज सगळ्यात स्वस्त पडतं, साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. क्रेडिट कार्डावर मात्र ही रक्कम कधीही टाकू नका.

परळकर
हिशेबनीसांशी इथे पूर्ण सहमत. भर इतकीच घालतो की गाडीचा बाजारभाव आत्ताच दोन-तीन ठिकाणी काढून ठेवा. विकायची ठरलीच तर घेणाऱ्याने कर्जाची रक्कम थेट वित्त कंपनीला भरायची आणि उरलेले तुम्हाला द्यायचे, असं लेखी ठरवून घ्या. भावाला म्हणावं, ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करू नकोस.

दादरची बँकवाली
आणि घरातलं सोनं ठेवायचा विचार असेल तर एकरकमी घेऊ नका. मासिक हप्त्याचं सोनेतारण मागा, जवळपास सगळीकडे असतं, पण विचारल्याशिवाय दाखवत नाहीत. एक मोठी रक्कम फेडायला दुसरी मोठी रक्कम पुढच्या मार्चवर ढकलू नका. भावाचा पगार दरमहा येतो ना? मग हप्ताही दरमहाच घ्या.

भांडुपचा नवखा
येतो, सात तारखेला. उद्याच त्याला घेऊन वित्त कंपनीत जातो. लेखी काय देतात ते इथे टाकतो.